बासूनची आंघोळ

"सवलत आहे असं कळलं, की विचारायचं. लाजायचं नाही. आणि ते हो म्हणाले, की हरखून जाऊन लगेच थँक्यू म्हणायचं नाही. आधी 'अजून काही आहे का?' असं विचारायचं आणि मग थँक्यू म्हणायचं. कळलं?"

शकुआत्याने हे देवयानीला सांगलीला, साड्यांच्या दुकानाच्या पायरीवर, चप्पल घालता घालता सांगितलं होतं. आत्या गेली, दुकान गेलं, त्या साड्यांची पायपुसणीही झाली. आवाज मात्र राहिला. तो ऑकलंडमध्ये, हिल्सबरोच्या घरात ताटं पुसताना अचानक ऐकू यायचं कारण एवढंच, की इराने काहीतरी मागितलं होतं.

इरा बारा वर्षांची. ती कधी काही मागत नसे. वाढदिवसाला काय हवं असं विचारलं तर "आय डोन्ट माइंड," जेवायला काय करू विचारलं तर "एनीथिंग." मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत यायचं, आणि तेही हात राखून. अशी मुलगी ब्रॅम्बल हिल नावाच्या खासगी शाळेच्या ओपन डेला गेली, तिथला ऑर्केस्ट्रा ऐकून आली आणि गाडीत बसल्यावर, कुणी विचारलेलं नसताना म्हणाली, "आई, मला त्यात वाजवायचंय."

मराठीत म्हणाली. सिग्नल हिरवा झाला तरी देवयानीच्या नवऱ्याने, श्रीनाथने, गाडी हलवली नाही. मागच्याने हॉर्न वाजवला. न्यूझीलंडमध्ये हॉर्न वाजतो तेव्हा प्रसंग गंभीरच असतो.

ब्रॅम्बल हिलची फी वेबसाइटवर होती. श्रीनाथने ती वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. "ही वर्षाची आहे की शाळा संपेपर्यंतची?" वर्षाची होती. पण त्याच पानावर खाली, हिरवळीवर चेलो घेऊन हसणाऱ्या मुलीच्या फोटोशेजारी लिहिलं होतं: जनरस म्यूझिक स्कॉलरशिप्स. मग देवयानीने शहरातल्या बाकीच्या खासगी शाळांचीही पानं चाळली. सगळ्या जनरस होत्या. सगळीकडे हिरवळ होती, सगळीकडे चेलो होता, आणि ती मुलगीसुद्धा बहुधा तीच होती. किती जनरस, ते मात्र कुणी लिहिलं नव्हतं. देवयानीला यात वावगं वाटलं नाही. देवळात देणगी देऊन वर फरशीवर आकडा कोरून घेणारी माणसं तिला कधीच आवडली नव्हती. देणाऱ्याने मुकाट द्यावं, हे तिला पटण्यासारखं होतं.

तिने ब्रॅम्बल हिलला फोन लावला. देवयानी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करायची. डॉक्टरांनी चुकीचा डोस लिहिला तर ती तो त्यांना इतक्या मऊ आवाजात सांगे, की चूक आपली आहे हे डॉक्टरांना संध्याकाळी घरी गेल्यावर कळे. त्याच आवाजात तिने शाळेतल्या बाईंना सांगितलं, की मुलगी गाते. हिंदुस्थानी शास्त्रीय. रोज सकाळी माझ्याबरोबर रियाझाला बसते. हार्मोनियमही वाजवते.

"ओह, लव्हली," बाई म्हणाल्या.

देवयानी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. ते आलंच नाही. या देशात "नाही" म्हणायला फार गोड शब्द आहेत आणि त्यांतला सगळ्यात गोड "लव्हली," हे तिला इतक्या वर्षांनी कळलं. तरी आत्याला स्मरून तिने विचारलं, "अजून काही आहे का?" अजून काही नव्हतं.

ही हकीकत नीताला समोरच्या घरात बसून कशी कळली देव जाणे, पण ती संध्याकाळी डबाभर नानकटाई घेऊन आली. नीता हॉस्पिटलात नर्स. तिच्या इंद्रनीलला दोन वर्षांपूर्वी व्हायोलावर स्कॉलरशिप मिळाली होती, आणि तेव्हापासून पाश्चात्त्य संगीत या विषयातला अखेरचा शब्द हिल्सबरोपुरता तिचा होता.

"अगं, गाणं काय घेऊन बसलीस? आणि पियानो, व्हायोलिन तर विसरच. गल्लीगल्लीत पोरं आहेत त्याची. त्यांना काय हवं असतं माहितीये? ऑर्केस्ट्रात जी खुर्ची रिकामी असते ना, तिच्यावर बसणारं कुणीतरी. मी इंद्रनीलच्या कॉन्सर्टला जाते तेव्हा गाणं ऐकतच नाही, खुर्च्या बघते."

"मग कुठली रिकामी आहे?"

नीताने दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "बासून."

"म्हणजे काय?"

"लाकडी असतं, उंच असतं. आवाज जरा..." नीता घुटमळली. "म्हशीला सर्दी झाल्यासारखा येतो. पण सवय होते."

श्रीनाथ सॉफ्टवेअरमधला. मागणी आणि पुरवठा म्हटलं, की त्याचा कशावरही विश्वास बसायचा. त्याने त्या आठवड्यातच पापाकुऱ्याच्या मिस लेनक्स शोधून काढल्या. या बाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या, आयुष्यभर बासून वाजवलेल्या. आता शिकवत नव्हत्या, कारण शिकायला कुणी येत नव्हतं. दारात बारा वर्षांची मुलगी उभी राहून "आय वॉन्ट टू लर्न द बासून" म्हणाली, तेव्हा त्यांनी आधी भिंतीला हात टेकला आणि मग सगळ्यांना आत घेतलं. स्वतःचं जुनं बासून त्यांनी इराला वापरायला दिलं. "तिला जप," एवढंच म्हणाल्या. बासून हे बाईमाणूस आहे हे देवयानीला तेव्हा कळलं.

चार तुकडे जोडून उभं केलं, की ते वाद्य इराच्या डोक्यावर हातभर जायचं. पहिले काही आठवडे त्यातून जे निघालं, त्याचं वर्णन नीताने फारच सौम्य केलं होतं असं श्रीनाथचं मत झालं. शेजारच्या रमणकाकांनी कुंपणावरून चौकशी केली, की तुमच्याकडे गटाराचं काम निघालंय का, निघालं असेल तर माझ्याकडेही पाठवा. इराला कशाचंच काही वाटत नव्हतं. शाळेतून आली, की दप्तर टाकून गॅरेजमध्ये जायची आणि जेवायला हाक मारेपर्यंत बाहेर येत नसे. जुलै उजाडेपर्यंत त्या म्हशीची सर्दी बरी झाली. ऑगस्टमध्ये तर एकदा देवयानी कपडे वाळत घालता घालता थांबली. गॅरेजमधून येणारा आवाज खर्जातला होता आणि भला होता. एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने पाठीवर हात ठेवावा तसा.

आता वाद्य गॅरेजमध्ये का, तर घरातल्या हीटरने तडकणाऱ्या लाकडाचं कारण इराला सांगितलं होतं, पण ते खरं नव्हतं. खरं कारण असं, की बासून तोंडाने वाजवायचं असतं. तोंडात धरायची रीड ज्याची त्याची असते, ते ठीक. पण फुंक आत जाते, आतून वाहते, तिथेच निथळते. मिस लेनक्सबाईंची पन्नास वर्षांची फुंक त्यात मुरलेली होती, आणि त्यांच्या आधी कुण्या जर्मन गृहस्थाची. म्हणजे वाद्य उष्टं. देवयानी हे कुणाला बोलून दाखवणार नव्हती. तिचे नेम तिच्यापुरते होते. गुरुवारचा उपास, रोजची पोथी, दिवेलागणीचा जप, यातलं काही तिने कधी दुसऱ्यावर लादलं नाही. इराच्या ऑडिशनसाठी तिने आधी साखर सोडली, मग चहा, मग बटाटा, तेही न सांगता. श्रीनाथला ते बटाट्याच्या भाजीवरून कळलं. "आता आमचं काही सोडू नकोस म्हणजे झालं," एवढंच तो म्हणाला.

पण ऑडिशन शुक्रवारी आली आणि आदला दिवस निघाला गुरुवार. हार्मोनियम घरात आणली होती तेव्हा आधी देवापुढे ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं होतं. मग ज्या वाद्यावर मुलीचं सगळं ठरायचं, ते दत्ताच्या तसबिरीपुढे एकदाही न ठेवता न्यायचं? आणि उष्टं वाद्य देवापुढे ठेवायचं तरी कसं?

पुढचं सगळं अत्यंत शास्त्रशुद्ध झालं. देवयानी फार्मासिस्ट होती. तिने इरा शाळेत गेल्यावर बासूनचे चारही तुकडे सुटे केले. कोमट पाणी, त्यात बाळाच्या साबणाचे चार थेंब. बाथटबमध्ये एकेक तुकडा बुडवून, हलवून, आतून पाण्याची धार सोडून स्वच्छ केला. मग साध्या पाण्याने दोनदा. मग नाशिकहून आलेल्या गडूतलं गंगाजल. मग कोरड्या पंच्यात गुंडाळून हॉट वॉटर कबर्डमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या उबदार कपाटात, टॉवेलांच्या वरच्या फळीवर. संध्याकाळी जोडून, देवापुढे पाटावर आडवं ठेवून, तिने त्याला गंध लावलं. बासून लखलखत होतं. इतकं प्रसन्न ते तिला कधीच वाटलं नव्हतं.

इरा आली. वाद्य देवघरात बघून तिला आनंद झाला, आईच्या गळ्यात पडली. मग तिने फुंकलं.

काहीच आलं नाही. परत फुंकलं तेव्हा किटलीतून वाफ जाते तसा फस्स आवाज झाला.

"आई, व्हॉट डिड यू डू?"

"काही नाही गं. आंघोळ घातली."

इरा रडली नाही. ती खाली बसली आणि बासूनच्या चाव्यांकडे बघत राहिली. ते रडण्यापेक्षा वाईट होतं. देवयानीने फोन उचलला. आयुष्यात तिने इतके औषधांचे गोंधळ निस्तरले होते. मिस लेनक्सबाईंना हे सांगताना मात्र तिचा आवाज त्या बासूनसारखा झाला.

"यू वॉश्ड हर," मिस लेनक्स म्हणाल्या.

"येस."

"विथ सोप?"

"बेबी सोप," देवयानी म्हणाली. तेवढीच एक जमेची बाजू होती.

"अँड देन?"

हॉट वॉटर कबर्डचं नाव ऐकल्यावर पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग त्या म्हणाल्या, "ब्रिंग हर. नाऊ."

वाटेत श्रीनाथ एक अक्षर बोलला नाही. नवरा रागावला तर बरं, असं देवयानीला वाटत होतं, पण तो समजूतदारपणे गप्प होता, आणि त्याच्या समजूतदारपणावर उपाय नव्हता. पापाकुऱ्याला मिस लेनक्सबाईंनी दिव्याखाली वाद्य धरून पाहिलं. भोकांवरच्या चामडी टिकल्या पाण्याने फुगल्या होत्या, एका सांध्याचं लाकूड तटतटलं होतं. त्यांनी ओल टिपायला सिगारेटचा पातळ कागद घेऊन एकेका टिकलीखाली सारला, दाबला, काढला. एकदाच त्यांनी वर पाहिलं.

"बट व्हाय, डिअर?"

उष्ट्याला इंग्रजी शब्द नाही. देवयानीने फार प्रयत्न केला. शेवटी इरानेच सांगितलं, "शी वॉन्टेड टू शो इट टू गॉड. अँड यू हॅव टू बी क्लीन."

मिस लेनक्सबाईंनी यावर विचार केला. "वेल," त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षांत हिच्याबद्दल एवढी काळजी कुणी केली नव्हती." हे इंग्रजीतच म्हणाल्या, पण देवयानीला ते मराठीत ऐकू आलं आणि तिने पदर नसताना पदर शोधला.

वरचे सूर परत आले. खालचे चार आले नाहीत. "त्यांना आठवडा लागेल," मिस लेनक्स म्हणाल्या. "उद्या वर वाजव. खाली उतरायची वेळ आली, तर काहीतरी कर."

दुसऱ्या दिवशी ब्रॅम्बल हिलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये देवयानी आणि श्रीनाथ दोन लाकडी खुर्च्यांवर बसले. समोर हिरवळ होती. चेलोवाली मुलगी नव्हती. आतून पियानो सुरू झाला आणि त्यावर बासून आलं. वरचे सूर गोल होते, भरलेले होते. मग सुरावट खाली उतरू लागली. एकेक पायरी. तिला ती पाठ होती. गॅरेजच्या भिंतीआडून तिने ती महिनाभर ऐकली होती. आता पुढच्या पायरीवर काही नाही, हे तिला माहीत होतं.

तेव्हा ती डोळे मिटून मनात म्हणाली, दत्तात्रेया, चूक माझी आहे. तिला स्कॉलरशिप मिळू दे. घरापासून ओटाहुहुच्या तुझ्या देवळापर्यंत अनवाणी चालत येईन.

आत बासून थांबलं आणि त्याच्या जागी गळा आला. "नी, ध, प," अगदी तालात, स्वच्छ, रोज सकाळच्या रियाझाचा. लगेच रीड परत तोंडात आणि बासून वरच्या सुरावर हजर. पुढच्या उताराला पुन्हा तेच. पियानोवाला गृहस्थ एकदा अडखळला, मग सावरला. तिसऱ्या वेळी तर तो तिची वाट बघत थांबला. संपलं तेव्हा आत टाळ्या झाल्या नाहीत. कुणीतरी मोठ्याने हसलं, आणि ते हसणं वाईट नव्हतं.

"तू गायलीस?" श्रीनाथने गाडीत विचारलं.

"देअर वॉज अ गॅप," इरा म्हणाली. जणू खड्डा होता म्हणून उडी मारली.

दोन आठवड्यांनी ईमेल आला. ब्रॅम्बल हिलला इरा फार आवडली होती. अशी ऑडिशन त्यांनी पाहिली नव्हती, आणि तिला म्यूझिक स्कॉलरशिप देताना त्यांना अतिशय आनंद होत होता. देवयानीने फोन देवापुढे ठेवला, नमस्कार केला, नीताला मेसेज केला, आणि मग पुढचं वाचलं. स्कॉलरशिपमध्ये होतं: आठवड्याला बासूनचा एक धडा फुकट, कोटावर लावायला वीणेचं चांदीचं चिन्ह, आणि फीत सवलत. त्या सवलतीनंतर उरलेली फी वाचून श्रीनाथने चष्मा पुन्हा पुसला. मग उठून मुकाट्याने चहा ठेवला. घर विकलं असतं तर परवडलं असतं, पण मग इराने बासून वाजवलं कुठे असतं?

देवयानीने शाळेला फोन करून विचारलं, अजून काही आहे का. "लव्हली," बाई म्हणाल्या.

इराला सांगायचं काम देवयानीकडे आलं. तिने गॅरेजमध्ये जाऊन, कपड्यांच्या टोपलीवर बसून सांगितलं. इराने पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे मी बासून परत द्यायचं?"

"नाही. ते मिस लेनक्सबाईंचं आहे. दर शनिवारी त्या तुझी वाटच बघत असतात."

"मग?"

"मग शाळा आपली इथलीच. सरकारी. तिथे ऑर्केस्ट्रा आहे म्हणे, लहानसा."

"हॅव दे गॉट अ बासून?"

"नाही."

इराने रीडची डबी उघडली. "देन देअर इज अ चेअर," ती म्हणाली आणि रीड पाण्यात भिजत घातली. तिथल्या संगीताच्या सरांना दुसऱ्या दिवशी फोनवर "बासून" हा शब्द सांगितला, तेव्हा त्यांनी दोनदा परत म्हणायला लावला आणि फोन ठेवायलाच तयार होईनात. इराला जे हवं होतं, ते अखेर कुणी न देताच तिला मिळालं होतं.

राहिला प्रश्न नवसाचा. गुरुवारी रजा कशाला, असं विचारल्यावर देवयानीला तो घरात सांगावाच लागला.

"कसला नवस?" श्रीनाथ म्हणाला. "आपण घेतलीच नाही ना स्कॉलरशिप! घेतली नाही म्हणजे मिळाली नाही. व्यवहार पूर्ण झाला नाही."

"अगं, आणि थंडी किती आहे," नीताने साथ दिली. तिला तेव्हा नेमकी नानकटाई घेऊन यायची होती. "हिल्सबरो ते ओटाहुहु! आणि अनवाणी? वाटेत ओनेहंगाच्या चढावर पाय गळून जातील. ओटाहुहु स्टेशनवर गाडीने उतर, तिथून अनवाणी चाल. देवाला काय, भाव महत्त्वाचा. हवं तर मी इंद्रनीलला सांगते, तो ऑनलाइन पूजा बुक करून देईल."

"मी गाडीने मागे मागे येतो," श्रीनाथ तडजोडीवर आला. "चारही लाइट लुकलुकत ठेवतो."

देवयानी हसली. ती कुणाशी वाद घालत नसे. "मी स्कॉलरशिप मिळू दे असं म्हटलं होतं," ती मऊ आवाजात म्हणाली. "परवडू दे असं म्हणायचं माझ्याकडून राहिलं. त्यात त्याची काय चूक?"

सॉफ्टवेअरवाल्याने गाडीची किल्ली परत खुंटीला लावली.

पुढच्या गुरुवारी तिने रजा टाकली. पोथी वाचून झाली, देवापुढचा दिवा शांत झाला. श्रीनाथ ऑनलाइन मीटिंगमध्ये होता, इरा शाळेला गेली होती. देवयानीने पिशवीत नारळ आणि फुलं घेतली, मोजे काढले आणि दार हळूच ओढलं. फुटपाथवर अजून दव होतं. पहिल्या पावलाला थंडी थेट गुडघ्यापर्यंत आली. दुसऱ्याला ती जरा आधी थांबली.

असं घराबाहेर पडताना कुणी बघेल, विचारेल, आणि मग सगळं समजावून सांगावं लागेल, याचीच तिला धास्ती होती. वळणावर कोपऱ्यावरच्या डेअरीतून एक मोठा गोरा माणूस दुधाची कॅन घेऊन बाहेर आला. अर्ध्या चड्डीत होता. अनवाणी. त्याने तिच्या पायांकडे पाहिलंही नाही.

"मॉर्निंग," तो दवाकडे बघत म्हणाला. "बिट फ्रेश, ए?"

"येस," देवयानी म्हणाली. "अ लिटल." आणि ओनेहंगाच्या दिशेने वळली.